आजाराची जुनी वाटणी रद्द केल्याबाबत

मी, खाली सही करणारी, रंगाच्या दुकानाची मालकीण, वय वर्षे एकाहत्तर, राहणार दुकानामागच्या दोन खोल्या, कोणाच्या दडपणाखाली नसताना आणि कोणी काही पाजलेले नसताना हे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचे वाक्य प्रत्येक मृत्युपत्रात असते आणि लिहिणाऱ्याच्या शब्दावर ते खरे मानले जाते. माझ्या बाबतीत शब्दावर भागत नाही. माझ्या डोक्याची तपासणी तरुणपणापासून नियमित होत आली असून ताजा दाखला सोबत टाचला आहे. या घराण्यात शहाणपणाचा कागद असलेली मी एकटी आहे. ज्यांना हे मृत्युपत्र खोटे पाडायचे असेल त्यांनी आधी स्वतःचा दाखला आणावा.

मला बायपोलर आहे. म्हणजे मन कधी गच्चीवर चढते, कधी तळघरात जाऊन दार लावून घेते. औषधांमुळे ते बरीच वर्षे तळमजल्यावर राहिले आहे आणि आजही तिथेच आहे. पुरावा द्यायचा तर गेल्या आठवड्यात एक गृहस्थ बारा माणसे बसतील अशी जुनी होडी विकायला आले होते. मी किंमत ऐकली, चहा पाजला आणि त्यांना वाटेला लावले. पंचविशीत मी दोन घेतल्या असत्या.

१. लेखनाबाबत. हे मृत्युपत्र माझ्या सांगण्यावरून माझी पुतणी लिहून घेत आहे. तिला सगळे उरकायची घाई असते म्हणून घरात तिचे नावच घाई पडले. ती पुलांची तपासणी करणारी इंजिनिअर आहे, अक्षर सुवाच्य आहे आणि हाती घेतलेला कागद अर्धवट सोडणे तिला जमत नाही. वकिलाचा कारकून न बोलावता तिला बसवले ते यासाठीच. जे सांगायला लागले की ती चपला शोधू लागते, ते आज तिला स्वतःच्या हाताने लिहावे लागणार आहे. या खोलीत जो कोणी जे काही बोलेल ते जसेच्या तसे लिहावे, अशी तिला सूचना आहे.

“आत्या, ही चक्क फसवणूक आहे.”

तेही लिहिलेस ना? छान. पुढे.

खोलीत आणखी दोघे आहेत. माझा धाकटा भाऊ, आणि साक्षीसाठी आलेल्या डॉक्टरबाई, ज्या आम्हां दोघांवर उपचार करतात. त्या सध्या प्रायमरच्या डब्यावर बसल्या आहेत कारण खुर्चीचा रंग ओला आहे.

२. धाकट्याबाबत. या भावाला सगळे धाकटाच म्हणतात, आता तो अडुसष्टचा झाला तरी. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. त्याच्या डोक्यात एक समालोचक राहतो आणि धाकटा जे करील त्याचे वर्णन करत असतो. तरुणपणी हा समालोचक फार वाईट बोलायचा. औषधांनी आणि वयाने तो मवाळ झाला आहे आणि हल्ली पुष्कळदा झोपलेला असतो. दुकानातले रंग धाकटाच कालवतो. गिऱ्हाईक उशीचा अभ्रा किंवा बाळाचे टोपडे घेऊन येते, “अस्साच हवा” म्हणते, आणि धाकटा तस्साच देतो. रंग कालवायचे यंत्र आले तेव्हा ते ठेवायचे का, असे मी त्याला विचारले होते. त्याने यंत्राला एक संधी दिली आणि नंतर त्यावर ब्रश वाळत घालायला सुरुवात केली.

माझ्या पश्चात वरची खोली आणि रंग कालवायचा ओटा त्याच्या हयातीपर्यंत त्याचा. त्याला कोणी कुठल्या संस्थेत, आश्रमात किंवा “तिथे छान बाग आहे” अशा ठिकाणी हलवू नये, तो स्वतः म्हणाला तरच. त्याच्यासमोर कोणी कुजबुजू नये. मोठ्याने भांडलेले चालते. एक माणूस आधीच त्याच्या कानाशी कुजबुजतो, त्यात आणखी गर्दी नको.

“आणि चहात साखर,” धाकटा म्हणतो.

आणि त्याच्या चहात साखर, डॉक्टरबाईंनी परवानगी दिली आहे तेवढी.

३. आजाराच्या वाटणीबाबत. आमच्या घरात वाटणी एकदाच झाली आणि ती जमीनजुमल्याची नव्हती.

मी पंचवीस वर्षांची असताना एका उन्हाळ्यात मला पक्के समजले की जगातल्या सगळ्या दुःखाचे मूळ फिकट रंगांत आहे. मी आमच्या दुकानाचा दर्शनी भाग पिवळाधमक केला. मग शेजारच्या सुताराचे दार, त्याची बाके, आणि सुतार जेवायला गेला तेवढ्यात त्याची सायकल. सगळे फुकट. त्यानंतर मी हॉस्पिटलात गेले. पुढच्याच वर्षी धाकट्याला रेडिओ बंद केल्यावरही समालोचन ऐकू येऊ लागले आणि तो जेवेनासा झाला. डॉक्टरांनी दोन कागदांवर दोन वेगळी नावे लिहिली. नावे दोन, म्हणजे आजार दोन दारांनी आले असणार, असे नातेवाइकांनी ठरवले.

मग बाबांच्या बाजूने त्यांची थोरली बहीण आणि आईच्या बाजूने आमचा मामा पुढच्या खोलीत समोरासमोर बसले.

“आमच्याकडे माणसं स्वतःशी बोलत नाहीत,” बाबांची बहीण म्हणाली. “तुमची ती मावशी मात्र खिडकीशी तासन् तास गप्पा मारायची.”

“आणि तुमचे आजोबा?” मामा म्हणाला. “सर्कशीचा अख्खा तंबू विकत घेऊन आले होते ते कोण?”

बराच वेळ एकमेकांचे पूर्वज उकरून काढल्यावर तडजोड झाली. धाकट्याचा आजार आईकडचा धरायचा, माझा बाबांकडचा. थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या, वाट्याला काहीच आले नाही असे जाहीर झाले. दोन्ही पक्ष समाधानाने उठले. आई आणि बाबा तिथेच भिंतीला टेकून बसले होते, त्यांना कोणी काही विचारले नाही. आई पुढे जन्मभर धाकट्याच्या हातावर गोळी ठेवताना “माझ्यामुळे रे” म्हणत राहिली. बाबा माझ्या खोलीच्या दारापर्यंत यायचे आणि उंबऱ्यावर थांबायचे, जणू आत आले तर आणखी काहीतरी देऊन बसतील. दोघेही आपापला वाटा उराशी धरून गेले. मला याचा आजही राग येतो. हा राग मी कोणाच्या नावे करत नाही, बरोबर घेऊन जाणार आहे.

४. सदर वाटणीने झालेल्या नुकसानीबाबत. माझी मावसबहीण आईकडची. वाटणीप्रमाणे त्या बाजूला आवाज ऐकण्याचाच आजार असायला हवा. त्यामुळे ती झोप सोडून शिवणयंत्रावर बसली आणि घरातल्या सगळ्या पडद्यांचे झगे शिवून मोकळी झाली, तेव्हा तिला हौशी म्हटले गेले. नंतर ती महिनोन् महिने अंथरुणातून उठली नाही, तेव्हा आळशी. मी एका नजरेत ओळखले आणि मामाला म्हटले, “अरे मामा, हिचं अगदी माझ्यासारखं आहे.”

मामा म्हणाला, “तुझं बाबांकडचं आहे. ते इकडे आणू नकोस.”

तिला डॉक्टरकडे नेईपर्यंत कित्येक वर्षे वाया गेली. आता ती उत्तम आहे, तिचे शिवणाचे दुकान माझ्या दुकानापेक्षा जोरात चालते आणि ती मला हे वारंवार ऐकवते. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिने करावी. मोबदला म्हणून माझे सगळे पिवळे पडदे तिला द्यावेत. ती काय करायचे ते जाणते.

५. वाटणी रद्द केल्याबाबत. गेल्या वर्षी डॉक्टरबाई दवाखान्यासाठी रंग निवडायला दुकानात आल्या तेव्हा मी त्यांना सहज विचारले की आमचे आजार नक्की कोणत्या बाजूने आले. त्यांनी तेव्हा जे सांगितले ते आज पुन्हा सांगावे आणि लेखनिकेने लिहावे.

डॉक्टरबाई सांगतात: “अमुक एक जीन बिघडला आणि आजार झाला, असं यात नसतं. शेकडो बारीक फरक असतात, एकेकट्याचा परिणाम नगण्य. आणि स्किझोफ्रेनियाचा धोका वाढवणारे फरक आणि बायपोलरचा धोका वाढवणारे फरक, यांतले पुष्कळसे एकच आहेत. हे आता मोठमोठ्या अभ्यासांतून दिसलंय. म्हणून एकाच घरात एका भावंडाला एक होतो, दुसऱ्याला दुसरा, तिसऱ्याला काहीच नाही. शिवाय नुसत्या अनुवंशानं ठरत नाही, आयुष्यात काय काय घडतं तेही असतं.”

“आणि बाजू?” मी विचारले.

“बहुधा दोन्हीकडून थोडं थोडं. असे फरक थोडेफार सगळ्यांच्यातच असतात. माझ्यातही असतील.”

गेल्या वर्षी त्यांनी शेडकार्डावरच्या जांभळ्यावर आणि तपकिरीवर बोट ठेवून धाकट्याला विचारले होते की यांत काय काय पडते. धाकटा म्हणाला होता, “लाल दोन्हीत. काळा दोन्हीत. याच्यात निळा जास्त, त्याच्यात पिवळा.” डॉक्टरबाई म्हणाल्या, “साधारण असंच.” मी त्या दिवशी जांभळ्याचे पैसे घेतले नाहीत.

सबब, पुढच्या खोलीत झालेली ती वाटणी मी या कलमाने रद्द करते. हा आजार यापुढे घराण्याची अविभक्त मिळकत समजावा. तो कोणा एकाचा दोष नाही, कोणी तो कोणाला मुद्दाम दिलेला नाही. आई आणि बाबा दोघेही निर्दोष आहेत. हे त्यांना ऐकवता येत नाही याचे मला फार वाईट वाटते, म्हणून निदान लिहून ठेवते.

भिंतीपलीकडून: “अविभक्त म्हणजे? माझ्यातही?”

हा दादा. त्याचे कलम पुढचे आहे, पण त्याला धीर नाही.

“तुझ्यातही, दादा.”

“किती प्रमाणात?”

“ते मोजता येत नाही,” डॉक्टरबाई भिंतीला सांगतात.

“मग बोलता कशाला?”

६. दादाबाबत. माझा थोरला भाऊ वजनमापे खात्यातून निवृत्त झाला आहे. वहिनी गेल्यावर तो लहानग्या घाईला घेऊन माझ्या घरी राहायला आला आणि मला त्याचा आनंदच झाला. घाई या दुकानात, रंगाच्या डब्यांवर चढउतर करत मोठी झाली. पण तिच्या लग्नाचे बघायला लागल्याबरोबर दादाने घराच्या मधोमध विटांची भिंत घातली, गल्लीकडून वेगळे दार काढले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला सुरुवात केली की मागे भाडेकरू राहतात. माझ्या स्वकष्टाच्या घरात मी भाडेकरू झाले. भिंत बांधली तेव्हा मी तळघरात होते, नाहीतर गवंड्याला पळवून लावले असते. पुढे मी गप्प बसले, कारण मलाही वाटले की पोरीचे भले होत असेल तर होऊ दे.

गल्लीकडच्या खोल्या दादाला त्याच्या हयातीपर्यंत दिल्या आहेत. अट एकच. ती भिंत पाडायची. तिच्यातून इकडचा शब्दन् शब्द तिकडे जातो, तेव्हा भिंत म्हणूनही ती कुचकामी आहे.

(भिंतीपलीकडून खोकला.)

७. पुतणीबाबत. दुकान आणि सर्व घर, वरील दोघांच्या हयातीनंतर, माझ्या पुतणीचे. इथवर सोपे आहे. आता अवघड.

समोरच्या रस्त्यावर एक चष्मेवाला आहे. शांत, उंच, जरा वाकून चालणारा. त्याने घाईला उन्हाळ्यात लग्नाचे विचारले. सगळ्या गोष्टींची घाई असलेल्या या मुलीने त्याला अजून उत्तर दिलेले नाही. तो विचारतो, ती म्हणते काम फार आहे. रस्त्यात तो बरोबर असताना मी समोर आले तर ती मला “काय काकू, बऱ्या आहात ना?” म्हणते. मी पण “हो बाळा” म्हणून पुढे जाते. आणि मग घरी येऊन एखादा डबा उगाच जोरात आपटते.

“आत्या, हे नको ना लिहायला लावूस.”

लिही.

“बाबांनी सांगितलंय म्हणून म्हणते मी. मला काय हौस आहे?”

हेही लिही. आणि खरे कारणही.

“मला भीती वाटते. झालं? लिहिलं.” मग डॉक्टरबाईंकडे वळून: “डॉक्टर, मला होईल का?”

“सांगता येत नाही,” डॉक्टरबाई म्हणतात. “ते सांगणारी रक्ततपासणी नाही. चारचौघींपेक्षा धोका थोडा जास्त. पण ज्यांच्या आत्याला, काकाला असतो अशा बहुतेक पुतण्यांना आयुष्यभर काही होत नाही. तुझी तिशी उलटली, तेही तुझ्या बाजूचं आहे.”

“बहुतेक म्हणजे सगळ्या नाहीत.”

“सगळ्या नाहीत.”

“आणि मूल झालं तर?”

“त्यालाही बहुधा काही होणार नाही. आणि झालंच, तर वेळेवर ओळखणारी इतकी माणसं दुसऱ्या कोणत्या घरात आहेत?”

मी माझ्यातर्फे जोडते. हा आजार गोड नाही. मी त्याच्यापायी मैत्रिणी गमावल्या, एक ठरलेले लग्न गमावले, आणि तळघरातले दिवस शत्रूवरही येऊ नयेत. पण घाई, माझे आयुष्य वाईट गेलेले नाही. मी दुकान चालवले, भावाला सांभाळले, त्याने मला सांभाळले, आणि तुला वाढवले. ते सगळ्यात जास्त आवडले. तू माझ्यासारखी झाली असतीस तरी मला तू हवीच होतीस.

(लेखनिका नाक पुसते. शाई थोडी पसरली आहे, ती खाडाखोड समजू नये.)

“तू तडा गेलेल्या पुलांना पास करतेस की नाही?” मी विचारले.

“करते. प्रत्येक पुलाला कुठे ना कुठे तडे असतात. कुठे आहे ते माहीत असलं, त्यावर लक्ष ठेवलं, तर पूल वर्षानुवर्षं चालतो. कोणी तडा गिलावा मारून लपवलेला सापडला तर मात्र मी पूल बंद करते.”

हे तिने सांगितले आणि सूचनेप्रमाणे लिहूनही घेतले. मग लिहिलेले वाचत बसली.

*इथून धाकट्याच्या हातचे:* घाईने पेन ठेवलं आणि गेली. चप्पल पण नाही घातली. ताई म्हणते बाहेर रडायला गेली. मला वाटतं चष्मेवाल्याकडे गेली. समालोचक उठला आहे. तो म्हणतो ती रस्ता ओलांडते आहे. मी म्हटलं तुला काय दिसतंय इथून. डॉक्टरबाई हसल्या. ताई हसत नाही आहे, पदराचं टोक चावते आहे. आली. तो पण आहे.

*पुन्हा लेखनिकेच्या हातचे, कागद परत आल्यावर:* घाईने चष्मेवाल्याला आत आणले, कागद त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, “दुसरा साक्षीदार हवाय. पण आधी सगळं वाच.”

वकील सांगतात की साक्षीदाराने सही होताना पाहिली की पुरे, मजकूर वाचायची गरज नसते. हे मी त्याला सांगणार होते, पण घाईने मला मध्येच अडवले. तो उभ्यानेच पहिल्या ओळीपासून वाचू लागला. इतक्यात गल्लीला वळसा घालून, धापा टाकत दादा दुकानाच्या दारातून आत आला.

“तो खाजगी कागद आहे!”

“बाबा, वाचू दे त्याला.”

“अगं, एकदा वाचलं की संपलं!”

“मग संपू दे. मला रोज उठून आत्याला काकू म्हणायचं नाही.”

दादा ओल्या खुर्चीवर बसला. त्याला कोणी सांगितले नाही, कारण सगळे चष्मेवाल्याकडे पाहत होते. मी आयुष्यात बऱ्याच गोष्टींची वाट पाहिली आहे, पण एवढा वेळ एकही श्वास न सोडता कधीच नाही.

“समालोचक म्हणतो, हा फार सावकाश वाचतो,” धाकटा म्हणाला.

चष्मेवाल्याने शेवटचे पान वाचले. मग माझ्याकडे पाहिले.

“काकू, म्हणजे हिच्या आत्या तुम्हीच. मला वाटलंच होतं.”

“काय वाटलं होतं?” घाईने विचारले.

“नातं आहे म्हणून. चष्मा बसवताना आम्ही आधी नाक बघतो. तुझं, यांचं, वरच्या खिडकीतल्या काकांचं आणि तुझ्या बाबांचं नाक एकच आहे. असं नाक भाडेकरूंना कुठून येणार?”

“मग विचारलं का नाहीस?”

“तू सांगशील तेव्हा सांगशील, म्हटलं.” मग तो दादाकडे वळला. “आमच्याकडे काचबिंदू आहे. आजोबांना होता, आत्याला आहे. मी दर वर्षी तपासून घेतो. तुम्हाला चालेल का?”

“आजोबा आणि आत्या,” दादा म्हणाला. “बाजू एकच?”

“दादा!” मी आणि धाकटा एकदम ओरडलो.

दादाने हात वर केले. आणि पुष्कळ वर्षांनी मी त्याला हसताना पाहिले. उठताना त्याच्या पँटला फिकट हिरवा पट्टा लागला होता. तो पट्टा त्यालाच दिला आहे.

८. शेवटचे. माझ्यामागे कोणी लांब चेहरे करून बसू नये. दुकान दुसऱ्या दिवशी उघडावे. आणि घरात पुढेमागे कोणी पोर झाले, आणि ते कधी झोपेनासे झाले किंवा अंथरुणातून उठेनासे झाले, तर ते कोणाकडचे याचा शोध घेत बसू नये. त्याला उठवून, तोंड धुवायला लावून, डॉक्टरकडे न्यावे.

वरील सर्व मी ऐकले, ते माझे आहे, आणि मी खुशीत आहे. ही खुशी तळमजल्यावरची आहे, डॉक्टरबाईंनी खात्री करून घेतली आहे.

सही: मृत्युपत्र करणार, रंगाच्या दुकानाची मालकीण

साक्षीदार पहिला: डॉक्टर. मृत्युपत्र करणाऱ्या बाईंची बुद्धी शाबूत आहे. जीभ त्याहून.

मजकूर वाचला, भिंतीची अट मान्य: थोरला भाऊ

ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: आजचा रविवार, दुपार

साक्षीदार दुसरा: चष्मेवाला. मृत्युपत्र करणाऱ्यांशी नाते: आज काही नाही. पुतणीने हो म्हटल्यास जावई.

लेखनिका: पुतणी, सख्खी. मजकूर माझ्या हातचा आहे. दुसऱ्या साक्षीदाराने नात्याबद्दल लिहिलेल्या ओळीतील “आज काही नाही” हे शब्द मी खोडत आहे. बाकी ओळ तशीच राहू द्यावी. उत्तर हो आहे.